खुर्ची न सोडता एक्स्ट्रूडर चालवण्याची विद्या

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याच्यापाशी इंजिनिअरिंगची पदवी आहे, बऱ्यापैकी मेमरीचा लॅपटॉप आहे आणि ज्याला पात्रांवानं, म्हणजे मालकानं, एका सकाळी केबिनमध्ये बोलावून "आपल्या पाइपच्या लाइनचं ते सिम्युलेशन करून टाक बघू" असं फर्मावलं आहे. पात्रांवानं तो शब्द मुंबईतल्या कुठल्याशा प्लास्टिक प्रदर्शनात ऐकलेला असतो. कारखाना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पेडणे तालुक्यात तुयेला, आणि तुमचं बिऱ्हाड वास्कोत. पूर्वी कारखान्यात न जाण्यासाठी झुआरी पुलावरची रांग हे सर्वमान्य कारण होतं. २०२२ च्या अखेरीस नवा पूल खुला झाला आणि ते कारण हातचं गेलं. तेव्हापासून माणूस नव्या कारणाच्या शोधात आहे. संगणकावर गणित चालू आहे, या कारणाला अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

एक्स्ट्रूडर या यंत्राची ओळख करून घ्या, पण चित्रावरून. एक जाड पोलादी नळी असते, तिला बॅरल म्हणतात. तिच्यात स्क्रू फिरतो. एका टोकाला हॉपर असतो, त्यातून दाणा पडतो. दुसऱ्या टोकाला डाय असते, तिथून वितळलेलं प्लास्टिक पाइप होऊन, वायरवरचं वेष्टण होऊन किंवा पिशवीचा फुगा होऊन बाहेर येतं. स्क्रूच्या पहिल्या भागात दाणा पुढे सरकतो, दुसऱ्यात स्क्रूची खाच उथळ होत जाते नि दाणा दाबला जाऊन वितळतो, तिसऱ्यात वितळलेला माल एकसारखा होऊन डायकडे जातो.

इथे प्रत्येक प्राध्यापक चकलीच्या सोऱ्याचं उदाहरण देतो. ते ऐकून मान डोलवा आणि विसरा. सोऱ्यात मागून दट्ट्या दाबतो. एक्स्ट्रूडरमध्ये मागून ढकलणारं कोणी नाही. माल बॅरलला चिकटू पाहतो, स्क्रू त्याच्या खालून निसटू पाहतो, आणि या ओढाताणीत माल पुढे जातो. म्हणून स्क्रू गुळगुळीत हवा आणि बॅरलची पकड चांगली हवी. उलट झालं की दाणा स्क्रूला धरून गोल फिरत बसतो आणि डायमधून काहीच येत नाही. दाण्याच्या या घर्षणाचं गणित डार्नेल आणि मोल यांनी १९५६ साली मांडलं. ते आजही चालतं. अडचण एकच: त्यात बॅरलचं आणि स्क्रूचं घर्षण किती हा आकडा घालावा लागतो, आणि तो तापमानानं बदलतो, दाबानं बदलतो, दाण्याबरोबर आलेल्या भुकटीनंही बदलतो. तुम्ही ०.३ घाला. आकडा सुबक दिसतो.

आता एक धोक्याची सूचना. या विषयात पाच मिनिटांत, कागदावर, पेननं करता येण्याजोगं एक गणित आहे. ते कोणालाही दाखवू नका.

त्या गणिताचा उगम रोवेल आणि फिनलेसन यांच्या १९२२ च्या लेखात आहे. घट्ट द्रव पुढे सारणारा स्क्रू त्यांनी तपासला. १९५३ साली कार्ली, मॅलुक आणि मॅकेल्वी यांनी तेच प्लास्टिकला लावलं. युक्ती अशी: स्क्रूची मळसूत्री खाच मनातल्या मनात उलगडून लांबलचक सरळ पन्हळ करायची, स्क्रू स्थिर आहे असं धरायचं आणि बॅरल सपाट फळीसारखं वरून सरकतंय असं मानायचं. मग दोनच प्रवाह उरतात. फळीनं ओढून नेलेला पुढचा प्रवाह, आणि डायच्या दाबामुळे उलट येऊ पाहणारा मागचा प्रवाह. पहिल्यातून दुसरा वजा केला की उत्पादन.

साठ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू घ्या. मिनिटाला ६० फेरे, शेवटच्या भागात खाचेची खोली ३ मिलिमीटर, आटे व्यासाइतक्या अंतरावर. ओढीचा प्रवाह ताशी सुमारे ५० लिटर येतो. वितळलेल्या पॉलिथिनची घनता लिटरला पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे ताशी ३७-३८ किलो, आणि डायचा दाब जास्त असेल तर त्यातून काही कमी. झालं. हे पात्रांवाला कळलं तर तो विचारेल, मग तीन आठवडे काय करणार? म्हणून तो कागद खिशात ठेवा. शेवटी लागेल.

मग सॉफ्टवेअर. बेल्जियमच्या लूव्हँ विद्यापीठात क्रोशे यांच्या गटातून पॉलिफ्लो निघालं, ते आता मोठ्या कंपनीच्या पेटाऱ्यात आहे आणि त्याचं लायसन्स विचारण्याआधी खुर्चीत बसावं. २००४ पासून ओपनफोम फुकट मिळतं. शिकायला लागणारा वेळ फुकट मिळत नाही, पण तो कंपनीच्या पगारावर जातो. काहीही निवडा. उघडल्यावर ते तुम्हाला टर्ब्युलन्सचं मॉडेल कुठलं हवं असं विचारेल. नवशिका इथे हमखास काहीतरी भारीपैकी निवडतो. थांबा. प्रवाह खळाळता आहे की शांत हे रेनॉल्ड्सच्या आकड्यानं ठरतं. पावसाळ्यात झुआरीचा तो आकडा कोटींच्या घरात जाईल. तुमच्या स्क्रूमध्ये घनता घनमीटरला साडेसातशे किलो, वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर, खोली काही मिलिमीटर आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, पाण्याच्या दहा लाख पट. उत्तर येतं एकाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. त्या बॅरलमध्ये भोवरा उठवणं कोणालाही शक्य नाही. टर्ब्युलन्स बंद करा. या मार्गदर्शिकेत सरळ अर्थानं दिलेला हा पहिला सल्ला आहे.

मेश, म्हणजे जागेचे बारीक तुकडे पाडणं, यात हवा तेवढा वेळ घालवता येतो. स्क्रूचा आटा आणि बॅरल यांच्यात जेमतेम ०.०६ मिलिमीटरची फट असते. तिच्यात चार-पाच तुकडे बसवा आणि लॅपटॉपचा पंखा ऐकत बसा. वास्कोत त्या पंख्यावर बंदरावरच्या कोळशाची काळी भुकटी बसतेच. ती महिन्यातून एकदा पुसा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे जिच्याकडे नवशिक्यानं सगळ्यांत कमी लक्ष द्यायचं असतं ती: व्हिस्कॉसिटी. पाण्याची व्हिस्कॉसिटी हा एक आकडा आहे. वितळलेल्या पॉलिथिनची व्हिस्कॉसिटी ही एक वक्ररेषा आहे, आणि प्रत्येक तापमानाला ती वेगळी. थर एकमेकांवरून जितक्या वेगानं घसरतील, म्हणजे शिअर रेट जितका वाढेल, तितका माल पातळ होतो. नेहमीच्या घातांकी नियमात n चा आकडा ०.४ असला, तर शिअर रेट दहापट झाल्यावर व्हिस्कॉसिटी पूर्वीच्या एक चतुर्थांश होते. वरच्याच स्क्रूमध्ये खाचेतला शिअर रेट सेकंदाला साठच्या जवळ, आणि आट्यावरच्या त्या फटीत तीन हजारांच्या वर. एकाच यंत्रात, एकाच क्षणी, दोन बोटांच्या अंतरावर. क्रॉस यांचं १९६५ चं आणि कारो यांचं १९७२ चं मॉडेल ही वक्ररेषा नीट पकडतं. पण त्यासाठी मालाचा नमुना कॅपिलरी रिओमीटरवर तीन तापमानांना मोजून आणावा लागतो.

तुमच्या कारखान्यात काय असतं? एमएफआयचं, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्सचं, यंत्र. १९० अंश तापमान, २.१६ किलोचं वजन, दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर पडलं ते लिहायचं. दाण्याच्या गोणीवर छापलेला आकडा तोच. वक्ररेषेवरचा हा एक बिंदू, आणि तोही मंद शिअर रेटचा. एकाच एमएफआयचे दोन ग्रेड लाइनवर टाकले की एकात मोटर शांत चालते आणि दुसऱ्यात ॲम्पिअर चढतात, हे ऑपरेटरला पाठ असतं. नवशिक्यानं हे मनावर घेऊ नये. एका बिंदूतून हव्या तेवढ्या वक्ररेषा काढता येतात. आवडेल ती घ्या. किंवा सॉफ्टवेअरच्या संग्रहातला एखादा पॉलिथिन निवडा. कुठल्यातरी दूर देशात, कुठल्यातरी वर्षी, कोणीतरी काळजीपूर्वक मोजलेला तो आकडा असतो. त्यांचा माल चांगला होता एवढं त्यावरून नक्की कळतं.

यात रिप्रो दाण्याचा, म्हणजे जुनं प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेल्या दाण्याचा, विषय काढू नका. पर्चेसनं गेल्या सोमवारी आणलेला रिप्रो आणि या सोमवारी आणलेला रिप्रो यांचं गोत्र एक असेलच असं नाही. सिम्युलेशनच्या मटेरियलच्या रकान्यात "दोन भाग व्हर्जिन, एक भाग जे मिळालं ते" असं लिहायची सोय नसते.

इथे गोव्याच्या माणसानं अभिमानानं छाती फुगवावी असा एक मुद्दा येतो. असल्या हट्टी द्रवांच्या शास्त्रात देशात ज्यांचं नाव आधी घेतात ते रघुनाथ माशेलकर १९४३ साली माशेलला जन्मले. डिचोलीहून ते गाव काही लांब नाही. मुंबईच्या यूडीसीटीतून १९६९ साली पीएचडी, मग इंग्लंडमध्ये सॅलफर्ड, १९७६ मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९८९ ते १९९५ तिथले संचालक. पाठ्यपुस्तकातला द्रव भिंतीला चिकटून उभा असतो, त्याचा भिंतीजवळचा वेग शून्य. वितळलेलं पॉलिमर मात्र एका मर्यादेपलीकडे भिंतीवरून घसरतं, कधी चिकटतं, कधी सुटतं, आणि बाहेर येणाऱ्या मालाचा पृष्ठभाग खरबरीत होतो. योगेश जोशी, आशिष लेले आणि माशेलकर यांनी २००० साली या घसरण्याचं एकसंध मॉडेल मांडलं. नवशिक्यानं सेमिनारमध्ये माशेलकरांचं नाव घ्यावं, टाळ्या घ्याव्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये मात्र "भिंतीवर घसरण नाही" हाच पर्याय ठेवावा. तो आधीपासून निवडलेलाच असतो.

तापमान. पॅनेलवर २०० दिसतंय, म्हणून बॅरलची भिंत २०० अंश धरा. तो थर्मोकपल पोलादात खुपसलेला आहे आणि मालाच्या तापमानाबद्दल त्याला फारसं माहीत नाही, हा तपशील बारीक आहे. शिवाय घट्ट माल घासला गेला की स्वतःच तापतो. बॅरलच्या चौथ्या झोनचा हीटर कधी लागतच नाही, उलट पंखा सारखा फिरतो, असं ऑपरेटर सांगेल. एक किलो पॉलिथिन खोलीच्या तापमानापासून २०० अंशांवर न्यायला साधारण ०.२ युनिट लागतं, म्हणजे आपल्या ३८ किलोंना तासाला साडेसात युनिटांच्या आसपास. वेगानं चालणाऱ्या यंत्रात यातला मोठा वाटा हीटर देत नाहीत, स्क्रू फिरवणारी मोटर देते. सॉफ्टवेअरमध्ये या घर्षणाच्या उष्णतेसाठी एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की माल तापतो, तापल्यानं पातळ होतो, पातळ झाल्यानं कमी तापतो, आणि गणित स्वतःची शेपूट धरायला धावतं. चौकोन रिकामा ठेवला की ते रात्रीत जुळतं. सकाळी डोळे चोळत बघाल तर सगळं बॅरल एकसारखं २०० अंश. इतका गुणी एक्स्ट्रूडर जगात दुसरा नसेल.

आणि वितळणं? ते गाळा. बहुतेक देखण्या त्रिमिती चित्रांत स्क्रूचा फक्त शेवटचा भाग असतो आणि माल आत येतानाच वितळलेला असतो. कारण घन दाणा, अर्धवट वितळलेला लगदा आणि पूर्ण वितळलेला माल हे तिघे एकाच खाचेत नांदताना हिशेब ठेवणं जिवावर येतं. दुर्दैवानं लाइनवरचे निम्मे रोग तिथूनच सुरू होतात: न वितळलेला ठिपका, दाबाची धडधड, पाइपची जाडी कधी जास्त कधी कमी.

या बाबतीत पेडणे आणि डिचोली तालुक्यांना निसर्गाची मदत आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातल्या कुठल्यातरी मिलिमीटरला औद्योगिक वसाहतीची वीज जाते. चालता स्क्रू मालानं भरलेल्या अवस्थेत जागच्या जागी थांबतो. मालक कपाळाला हात लावतो, हेल्पर डायजवळचे लोळ कापायला धावतात. लाइनवर पीव्हीसी असेल तर खरोखरच धावायला हवं. उष्णता आत अडकली की पीव्हीसी काळं पडतं, आम्लाचा वायू सोडतं आणि स्क्रू साफ करण्यात पुढची पाळी जाते. पण पॉलिथिन असेल, तर निसर्गानं तुम्हाला एका ऐतिहासिक प्रयोगाची पहिली पायरी फुकट करून दिलेली आहे.

तो प्रयोग ब्रूस मॅडॉक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी हेच मुद्दाम केलं. दाण्यात थोडे रंगीत दाणे मिसळले, यंत्र नेहमीसारखं चालू दिलं, मग स्क्रू अचानक थांबवला आणि बॅरल पाण्यानं झपाट्यानं गार केलं. आतला माल होता त्या अवस्थेत गोठला. मग बॅरल जरा तापवून स्क्रू बाहेर काढला, खाचेतून प्लास्टिकची लांब पट्टी सोलून काढली आणि तिचे आडवे काप घेतले. जिथे माल वितळला होता तिथे रंग ओघळून मिसळलेला, जिथे घन होता तिथे दाणे जसेच्या तसे. कापांत दिसलं ते असं: बॅरलला लागून वितळलेल्या मालाची पातळ साय, आटा ती खरवडून आपल्या पुढच्या अंगाला गोळा करतो, तिथे तळं साचत जातं आणि घन दाण्यांची गादी स्क्रूच्या लांबीबरोबर अरुंद होत होत संपते. तोपर्यंत हे कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

टेलिफोनच्या केबलींना प्लास्टिकचं वेष्टण चढवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या संशोधनकेंद्रात झेहेव ताडमोर यांनी हेच चित्र गणितात उतरवलं. १९६६ मध्ये त्यांनी वितळण्याचं मॉडेल दिलं, १९७० मध्ये इम्रिच क्लाइन यांच्याबरोबर पुस्तक काढलं आणि दाणा पडण्यापासून डायपर्यंत सगळ्या स्क्रूचा हिशेब त्या काळच्या संगणकावर चालू लागला. त्यात एकही रंगीत चित्र नव्हतं. गादीची रुंदी किती उरली, दाब किती, तापमान किती, याची नुसती रकान्यांची यादी. माझ्या मते आजच्या, चार खोल्या भरतील एवढ्या तुकड्यांच्या मेशपेक्षा ती यादी पाइपवाल्याच्या जास्त उपयोगाची आहे. पण ती पात्रांवाला दाखवून बोनस मिळत नाही, हेही मान्य.

एक पोटकलम. तुमच्या कारखान्यात पीव्हीसीचा पाइप निघत असेल तर आतापर्यंतचं बहुतेक निरुपयोगी आहे. तिथे साधारणपणे एकमेकांत गुंतलेले, उलट दिशांनी फिरणारे दोन स्क्रू असतात. माल खाचेतून वाहत नाही, इंग्रजी सीच्या आकाराच्या बंद कप्प्यांतून पुढे सरकतो. लेऑन यान्सेन यांच्या १९७८ च्या पुस्तकात ही मांडणी वाचायला मिळते. पीव्हीसीचे कण पूर्ण वितळतातच असंही नाही, ते एकमेकांत मुरतात. हे मुरणं किती झालं यावर पाइपची ताकद ठरते. अशा कारखान्यात असाल तर विषय बदलून "डायचा अभ्यास" असं नाव द्या आणि एकच स्क्रू असल्यासारखे मुकाट राहा.

विस्कोइलॅस्टिक नावाचं बटण दिसेल. डायमधून बाहेर पडल्यावर माल फुगतो, कारण रबरासारखी आठवण त्यात असते, आणि ती आठवण या बटणानं हिशेबात येते. वेग वाढला की मात्र गणित कोसळतं. वाइसेनबर्ग यांच्या नावाचा एक आकडा मोठा झाला की संगणक हात टेकतो, या दुखण्यावर लोकांनी कैक वर्षं घालवली. २००४ मध्ये फत्ताल आणि कुपफरमन यांनी सुचवलेल्या पद्धतीनं बराच उतार पडला. स्क्रूच्या खाचेपुरतं बोलायचं तर ते बटण न दाबताही उत्तर बरं येतं. डायसाठी दाबावं लागतं. हा दुसरा सरळ सल्ला.

आता अहवाल. निळ्यापासून लालपर्यंतचे रंग घ्या आणि तापमानाची पट्टी १९८ ते २०१ एवढीच ठेवा. तीन अंशांचा फरक वणवा पेटल्यासारखा दिसेल. बाण घाला, स्क्रू फिरताना दाखवा. उत्पादन किती येतं असं कोणी विचारलं तर खिशातला कागद आठवा आणि ३७.६४ म्हणा. दशांश चिन्हापुढचे दोन आकडे विश्वास निर्माण करतात.

मग लाइनवरून फोन येईल की प्रत्यक्षात ३१ किलोच पडतंय. घाबरायचं नाही. घर्षणाचा आकडा ०.३ वरून खाली आणा, भिंतीवरच्या घसरणीला थोडी मोकळीक द्या, आणि ३१ आलं की हात काढा. याला व्हॅलिडेशन म्हणतात. उद्या दुसरा ग्रेड आला की पुन्हा करा. पावसाळ्यात फिलरच्या मास्टरबॅचला ओल लागून पाइपमध्ये बुडबुडे येतील, त्यासाठी कुठलाच आकडा हलवता येत नाही. तेव्हा हॉपर ड्रायर चालू आहे का ते बघायला सांगा.

एवढं करूनही ज्याला आत काय चाललंय ते खरोखरच बघायचं असेल, त्यानं व्हिस्कॉसिटी मोजून आणावी, दहा मिनिटं पडलेला माल काट्यावर टाकावा आणि वीज जायची वाट न बघता मॅडॉकचा प्रयोग ठरवून करावा. सामान थोडं लागतं: मूठभर रंगीत दाणा, बॅरल गार करायला पाणी, स्क्रू ओढायची सोय, छिन्नी, करवत आणि जाड हातमोजे. लाइन निदान एक पाळी बंद राहते, तेव्हा पात्रांवाची परवानगी आधीच आणि लेखी घ्या.